पंचांग आणि दिवसाचे कालमापन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंचांग वाचताना होणारा बहुतेक गोंधळ एकाच समजुतीतून येतो : आपण तिथीला तारीख समजतो. तारीख मध्यरात्री बदलते, ठरावीक २४ तासांची असते आणि देशभर एकाच वेळी सुरू होते. तिथीचे तसे नाही. ती आकाशात मोजायची आहे. हे एकदा मनात बसले की तिथीचा क्षय, अधिक महिना, एकाच सणाच्या दोन तारखा यांची उत्तरे एकामागून एक मिळू लागतात. म्हणून पुढची उत्तरे त्याच क्रमाने दिली आहेत.

पंचांगाची पाच अंगे कोणती?

तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण. वार सोडला तर बाकीची चारही अंगे चंद्र आणि सूर्य यांच्या आकाशातल्या जागांवरून निघतात. दोघांमधले अंतर म्हणजे तिथी. त्या तिथीचा अर्धा भाग म्हणजे करण. चंद्र आकाशाच्या २७ भागांपैकी कोणत्या भागात आहे ते नक्षत्र सांगते. चंद्र आणि सूर्य यांच्या भोगांची, म्हणजे आकाशातल्या रेखांशांची, बेरीज करून तिचे २७ भाग केले की योग मिळतो. व्यतीपात आणि वैधृती ही नावे आपण ऐकतो ती या योगांतली. करणे एकूण अकरा, पण लोकांना ठाऊक असते ते एकच : विष्टी, म्हणजेच भद्रा. राखीपौर्णिमेला आणि होळीला ‘भद्रा कधी संपते’ म्हणून जी विचारणा होते ती याच करणाबद्दल असते.

तिथी म्हणजे नेमके काय?

अमावास्येच्या क्षणी चंद्र आणि सूर्य आकाशातल्या एकाच रेखांशावर असतात. तिथून चंद्र पुढे सरकू लागतो. दोघांमध्ये १२ अंशांचे अंतर पडले की शुद्ध प्रतिपदा संपली, २४ अंश झाले की द्वितीया संपली. असे ३० टप्पे पार झाले की ३६० अंशांचा फेरा पुरा होतो आणि पुन्हा अमावास्येचा क्षण येतो. या फेऱ्याला सरासरी २९.५३ दिवस लागतात. ३० तिथी साडेएकोणतीस दिवसांत बसवायच्या म्हटल्यावर सरासरी तिथी दिवसापेक्षा थोडी लहानच असणार.

सगळ्या तिथी मात्र सारख्या लांबीच्या नसतात. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. पृथ्वीच्या जवळ असताना तो भरभर पुढे जातो, दूर असताना रेंगाळतो. त्यामुळे एखादी तिथी २० तासांतच संपते, तर एखादी जवळजवळ २७ तास चालते. जुन्या ग्रंथांच्या गणिताने हा फरक कमी यायचा. ‘बाणवृद्धी रसक्षय’ असे सूत्रच होते : तिथी ६० घटिकांहून (एक घटिका २४ मिनिटांची) फार तर ५ घटिका वाढेल, ६ घटिका घटेल. प्रत्यक्ष वेधांवर, म्हणजे आकाशाच्या निरीक्षणांवर, आधारलेली पंचांगे आली तेव्हा वाढ ७ घटिकांपर्यंत आणि घट १० घटिकांपर्यंत जाते असे दिसले. व्रतांचे नियम जुन्या सूत्रावर बेतलेले असल्याने यावर मोठा वाद झाला. मला तो वाद आपल्या कालगणनेच्या इतिहासातला फार मोलाचा वाटतो. आकाशात दिसते ते मानायचे की ग्रंथात लिहिले आहे ते, हा प्रश्न शास्त्रीपंडितांनी स्वतःहून अंगावर घेतला होता.

मग तिथीचा क्षय आणि वृद्धी कशी होते?

सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची तिथी, हा रोजच्या व्यवहाराचा नियम. आता एखादी तिथी सूर्योदयानंतर सुरू झाली आणि पुढच्या सूर्योदयाआधीच संपली, तर तिच्या वाट्याला एकही सूर्योदय येत नाही. तिला क्षयतिथी म्हणतात. उलट एखादी तिथी दोन सूर्योदयांना असली तर ती वृद्धी.

शके १९४८ चा गुढीपाडवा घ्या. १९ मार्च २०२६ च्या सूर्योदयाला अमावास्या आहे. ती सकाळी सातच्या आत संपते आणि प्रतिपदा लागते. ती प्रतिपदा दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या आत संपते. म्हणजे २० मार्चच्या सूर्योदयाला थेट द्वितीया. प्रतिपदेचा क्षय झाला, तरी तिचा जवळपास सगळा काळ १९ तारखेलाच आहे, म्हणून गुढी १९ लाच. क्षय म्हणजे तिथी ‘गायब झाली’ असे नव्हे. तिला फक्त सूर्योदय मिळाला नाही.

घटिका, पळे, मुहूर्त, प्रहर यांचे घड्याळी माप किती?

एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतचा काळ म्हणजे अहोरात्र. त्याच्या ६० घटिका, म्हणून एक घटिका २४ मिनिटांची. घटिकेची ६० पळे, एक पळ २४ सेकंदांचे. पळाची ६० विपळे. दोन घटिकांचा एक मुहूर्त, ४८ मिनिटांचा. अहोरात्रात असे ३० मुहूर्त आणि ८ प्रहर.

घटिका मोजायला तळाशी बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडत. ती भरून बुडाली की एक घटिका झाली. लग्नात घंगाळात घटिकापात्र सोडून मुहूर्ताची वेळ साधण्याची रीत महाराष्ट्रात होती, आणि ‘घटका भरली’ हा शब्दप्रयोग तिथूनच बोलण्यात आला.

यात एक बारकावा बहुतेक तक्त्यांत सुटतो. मुहूर्त सरसकट ४८ मिनिटांचा धरला तर चालतो तो विषुवदिनाच्या सुमारास, कारण तेव्हा दिवस आणि रात्र सारखी असतात. एरवी दिनमानाचे, म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे, १५ भाग ते दिवसाचे मुहूर्त आणि रात्रिमानाचे १५ भाग ते रात्रीचे. मुंबईत हिवाळ्यात दिवस ११ तासांचा होतो तेव्हा दिवसाचा मुहूर्त ४४ मिनिटांचा, आणि जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा होतो तेव्हा ५३ मिनिटांचा. प्रहराचेही तसेच. म्हणून ‘दुसरा प्रहर ९ ते १२’ हे ढोबळ उत्तर झाले, नेमके नव्हे.

ब्राह्ममुहूर्त किती वाजता असतो?

रात्रीचा शेवटून दुसरा मुहूर्त म्हणजे ब्राह्ममुहूर्त. ४८ मिनिटांचे माप धरले तर तो सूर्योदयाआधी ९६ मिनिटांनी सुरू होतो आणि ४८ मिनिटे आधी संपतो. सूर्योदय ६.२० चा असेल तर ४.४४ ते ५.३२. तो सूर्योदयाबरोबर सरकत असल्याने बारा महिने पहाटे चारचा गजर लावून तो साधत नाही.

अभिजित मुहूर्त दिवसाच्या १५ मुहूर्तांपैकी आठवा, म्हणजे अगदी मधला. तो घड्याळातल्या १२ ला धरू नका. मुंबईचा मध्यान्ह घड्याळात साधारण १२.२५ ते १२.५५ च्या दरम्यान येतो.

मुंबई आणि नागपूरच्या पंचांगात फरक का पडतो?

तिथी संपण्याचा क्षण दोन्हीकडे एकच असतो, कारण तो चंद्र-सूर्यांमधल्या अंतराचा क्षण आहे. सूर्योदय मात्र वेगळा. एका अंश रेखांशाला ४ मिनिटे, या हिशेबाने नागपूरला सूर्य मुंबईपेक्षा सुमारे २५ मिनिटे आधी उगवतो. ऋतूनुसार अक्षांशाचाही थोडा परिणाम होतो. तिथी नेमकी या २५ मिनिटांत संपली, तर नागपूरच्या सूर्योदयाला एक तिथी आणि मुंबईच्या सूर्योदयाला पुढची. दोन्ही पंचांगे आपापल्या गावापुरती बरोबर.

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. ती १९०६ पासून सुरू झाली, तरी मुंबईत स्थानिक वेळ १९५५ पर्यंत वापरात होती. ही वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे. जुन्या मुंबईकर घराण्यातली जन्मवेळ पंचांगात ताडून पाहायची असेल तर ती कोणत्या वेळेतली आहे हे आधी विचारा.

वारांचा क्रम असाच का?

हा प्रश्न मुले विचारतात आणि मोठे टाळतात. उत्तर फार सुंदर आहे.

पृथ्वीवरून पाहता जो ग्रह आकाशात सर्वांत हळू सरकतो तो आधी, असा क्रम लावा : शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. अहोरात्राच्या २४ होरा, आणि प्रत्येक होरेचा एक ग्रह स्वामी, याच क्रमाने फिरत जाणारा. रविवारी सूर्योदयाला पहिली होरा रवीची. सात-सातचे तीन फेरे झाले की २१ होरा संपतात. बाविसावी पुन्हा रवीची, तेविसावी शुक्राची, चोविसावी बुधाची. पंचविसावी, म्हणजे दुसऱ्या दिवसाची पहिली होरा, चंद्राची. म्हणून रविवारनंतर सोमवार. तिथून तीन फेरे आणि तीन होरा पुढे मोजा, मंगळ येतो. कागदावर एकदा स्वतः मांडून पाहा. सातही वार आपापल्या जागी येऊन बसतात.

वार हे पाच अंगांतले नवे अंग आहे. तिथी आणि नक्षत्रे त्याहून कितीतरी जुनी. भारतातल्या शिलालेखांत वाराचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख मध्य प्रदेशातील एरण येथील गुप्त सम्राट बुधगुप्ताच्या लेखात आहे : गुप्त संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. इसवी सनाच्या हिशेबात ते साल ४८४.

पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. मंगळवारी पहाटे ४ वाजता जन्मलेले मूल पंचांगाच्या दृष्टीने सोमवारचे.

सण कधी सकाळच्या तिथीवर, कधी संध्याकाळच्या. असे का?

कारण प्रत्येक व्रताचा स्वतःचा ‘कर्मकाळ’ ठरलेला आहे, आणि त्या वेळी तिथी हवी. रामनवमी आणि गणेश चतुर्थी यांना मध्याह्न, दसऱ्याला अपराह्ण, लक्ष्मीपूजनाला प्रदोष म्हणजे सूर्यास्तानंतरचा काळ, महाशिवरात्रीला निशीथकाळ म्हणजे मध्यरात्र, संकष्टीला चंद्रोदय. दिनमानाचे पाच सारखे भाग केले की प्रातः, संगव, मध्याह्न, अपराह्ण आणि सायाह्न मिळतात. बारा तासांच्या दिवशी प्रत्येक भाग २ तास २४ मिनिटांचा.

तिथी दोन दिवशी त्या काळाला स्पर्श करत असेल किंवा एकाही दिवशी करत नसेल, तेव्हा निर्णय अवघड होतो. त्यासाठी ‘निर्णयसिंधू’ आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यांचा ‘धर्मसिंधू’ या ग्रंथांचा आधार घेतात. २०२४ ची दिवाळी आठवते का? अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली. मुंबईत १ तारखेला सूर्यास्तानंतर अमावास्या काही मिनिटेच उरली होती, पण प्रदोषाला तिचा स्पर्श दोन्ही दिवशी होता. अशा वेळी दुसरा दिवस घ्यायचा, या नियमाने महाराष्ट्रातल्या पंचांगांनी १ नोव्हेंबर दिला. उत्तरेत अनेकांनी ३१ ऑक्टोबर धरला. दोघांचे चंद्र-सूर्य तेच होते. फरक नियम लावण्यात होता.

एकादशीच्या ‘स्मार्त’ आणि ‘भागवत’ या दोन तारखा अशाच. सूर्योदयापूर्वीच्या ४ घटिका म्हणजे अरुणोदयाचा काळ. त्या वेळी दशमीचा अंश असेल तर भागवत संप्रदाय ती एकादशी सोडून दुसऱ्या दिवशी उपवास करतो. वारकऱ्यांच्या घरी भागवत एकादशी पाळतात.

आपला श्रावण उत्तरेपेक्षा १५ दिवस उशिरा का?

आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेतला पौर्णिमेला. शुद्ध पक्षाला दोघे एकच नाव देतात, वद्य पक्षाला मात्र उत्तरेत पुढच्या महिन्याचे नाव मिळते. आपली श्रावण वद्य अष्टमी ती त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी. कृष्णजन्माची रात्र दोघांची एकच.

अधिक महिना का येतो?

बारा चांद्रमासांचे वर्ष ३५४ दिवसांचे, सौर वर्ष सुमारे ३६५.२५ दिवसांचे. दरवर्षी सुमारे ११ दिवसांची तूट पडते. ती तशीच साचू दिली तर दिवाळी सरकत सरकत उन्हाळ्यात येईल. म्हणून सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना वाढतो, १९ वर्षांत सात.

कोणता महिना वाढवायचा हे कोणी बसून ठरवत नाही. दोन अमावास्यांच्या मध्ये सूर्याने एकही राशी ओलांडली नाही, म्हणजे संक्रांत झाली नाही, की तो महिना आपोआप अधिक होतो. २०२६ चा अधिक ज्येष्ठ पाहा. सूर्य १५ मे रोजी वृषभेत जातो. अमावास्या १६ मेच्या रात्री उशिरा संपते. पुढची अमावास्या १५ जूनला सकाळी संपते, आणि सूर्य मिथुनेत जातो तो त्यानंतर काही तासांनी. मधल्या सबंध महिन्यात संक्रांत नाही. किती थोडक्यात निसटते पाहा!

उलट एका चांद्रमासात दोन संक्रांती आल्या तर क्षयमास. हे फार दुर्मीळ. १९८२-८३ मध्ये असा प्रसंग आला होता. त्या वर्षी क्षयमासाच्या आगेमागे दोन अधिक महिनेही आले. क्षयमास हिवाळ्याच्या सुमारासच येतो, कारण तेव्हा पृथ्वी सूर्याच्या जवळ असते आणि सूर्य एक रास लवकर ओलांडतो.

पावसाची नक्षत्रे दरवर्षी त्याच तारखांना कशी येतात?

कारण ती चंद्राची नसून सूर्याची नक्षत्रे आहेत. चंद्र एका नक्षत्रात जेमतेम एक दिवस राहतो, सूर्य १३-१४ दिवस. ७-८ जूनला मृग, २१-२२ जूनला आर्द्रा, मग पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा आणि सप्टेंबरच्या अखेरीस हस्त. ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ म्हणणाऱ्या शेतकऱ्याचे पंचांग सौर असते. पेरणीसाठी त्याला चंद्राच्या तिथीचा फारसा उपयोग नसतो आणि अधिक महिन्याने त्याचे काही बिघडत नाही.

मकर संक्रांत १४ वरून १५ जानेवारीला का सरकली?

आपली संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतात, इंग्रजी कॅलेंडर ऋतूंच्या संदर्भाने. पृथ्वीचा अक्ष संथपणे फिरत असल्याने या दोन वर्षांत दरवर्षी सुमारे २० मिनिटांचा फरक पडतो आणि सुमारे ७२ वर्षांत एक दिवस होतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी संक्रांत होती. आता ती कधी १४, कधी १५ ला येते. उत्तरायण प्रत्यक्षात २१-२२ डिसेंबरलाच सुरू झालेले असते.

पानिपतची लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली असे आपण ऐकत आलो. लढाईची तारीख १४ जानेवारी १७६१, तिथी पौष शुद्ध अष्टमी, वार बुधवार. पण गणित मागे नेले तर त्या वर्षीची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास पडते. त्या दिवसाचे दुःख यामुळे तसूभरही कमी होत नाही. तरी आजची तारीख डोळे मिटून अडीचशे वर्षे मागे लावता येत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

टिळक पंचांग वेगळे का?

ग्रहलाघव हा गणेश दैवज्ञांचा १५२० सालचा ग्रहगणिताचा ग्रंथ. कोकणातल्या नांदगावी बसून त्यांनी गणित इतके सोपे केले की महाराष्ट्रातली पंचांगे शतकानुशतके त्यावर चालली. पण काळाबरोबर ग्रहणांच्या आणि ग्रहांच्या वेळा चुकू लागल्या. गणिताचे प्राध्यापक केरूनाना छत्र्यांनी एकोणिसाव्या शतकात वेधांशी जुळणारे पंचांग काढले आणि त्यांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक यांनी ते काम पुढे नेले.

आता मूळ मतभेद राशिचक्राच्या आरंभाबद्दल उरला आहे. बहुतेक पंचांगे चित्रा ताऱ्यावरून आरंभ ठरवतात, टिळक पंचांग रेवतीच्या ताऱ्यावरून. दोघांत सुमारे ४ अंशांचा फरक असल्याने टिळक पंचांगातली मकर संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. संक्रांत हलली की अधिक महिनाही कधीकधी वेगळा येतो, आणि एखाद्या वर्षी टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत गणपती महिनाभर आधी बसतो.

शके, संवत्सर आणि राष्ट्रीय दिनदर्शिका यांचे काय?

गुढीपाडव्यानंतर इसवी सनातून ७८ वजा केले की शालिवाहन शक मिळतो, पाडव्याआधी ७९. संवत्सरांची नावे साठ : १९४७ चे विश्वावसू, १९४८ चे पराभव. राष्ट्रीय दिनदर्शिका शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून लागू झाली. तिचे महिने सौर आहेत. सरकारी राजपत्रावर दिसणारा ‘चैत्र १’ २२ मार्चला (लीप वर्षी २१ ला) येतो, त्याचा गुढीपाडव्याशी संबंध नाही.

राहुकाळ पाळावा का?

दिनमानाचे आठ भाग करून रोज एक भाग राहुकाळाचा धरतात. याची चाल दक्षिणेत विशेष आहे. तो चंद्र-सूर्यांच्या अंतरावरून निघत नाही, वारावरून ठरतो. ज्यांच्या घरी परंपरा आहे त्यांनी पाळावा. मात्र ‘सोमवारी साडेसात ते नऊ’ ही पाठ केलेली वेळ सहाच्या सूर्योदयाची आहे, आपल्या गावाच्या सूर्योदयावरून ती बदलून घ्यावी.

पंचांग न पाहता तिथी ओळखता येते का?

एका तिथीच्या फरकाने ओळखता येते. आणि मला विचाराल तर पंचांग शिकायची हीच खरी सुरुवात. सूर्यास्ताला अर्धा चंद्र डोक्यावर असेल तर शुद्ध अष्टमीच्या आसपास. सूर्य मावळताना समोर पूर्वेला पूर्ण चंद्र वर येत असेल तर पौर्णिमा. त्यानंतर चंद्रोदय रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा होत जातो. संकष्टीला रात्री साडेआठ ते दहाच्या दरम्यान, वद्य अष्टमीला मध्यरात्रीच्या सुमारास. पहाटे पूर्वेला बारीक कोर दिसली की अमावास्या एक-दोन दिवसांवर आली.

तिथीने वाढदिवस कसा काढायचा?

महिना, पक्ष आणि तिथी या तीन गोष्टी लागतात. तिथी जन्माच्या क्षणी चालू असलेली घ्या, त्या दिवशी कॅलेंडरच्या चौकोनात छापलेली नव्हे. चौकोनात सूर्योदयाची तिथी असते आणि ती जन्माआधीच संपलेली असू शकते. जन्म अधिक महिन्यातला असेल तर एरवीच्या वर्षी त्याच नावाच्या निज, म्हणजे नेहमीच्या, महिन्यात वाढदिवस करतात. मोबाइलवरच्या पंचांगात हे पाहताना जन्मगाव निवडायला विसरू नका. बहुतेक ॲप आधीपासून दुसरेच शहर धरून बसलेली असतात आणि सूर्योदय त्या शहराचा दाखवतात.